जाड्या-रड्या विकत घेतलेल्या मालकांस सप्रेम सल्ला

मालक, आधी अभिनंदन. एवढी नावाजलेली जोडी, तीही हातीपायी धड, रोज बाजारात येत नाही. तुमच्या आधी अशीच लॉटरी 1941 साली हॉलिवूडच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्सला लागली होती. रड्या स्टॅन लॉरेल आणि जाड्या ऑलिव्हर हार्डी, म्हणजे आपले जाड्या-रड्या, मोकळे झालेत म्हटल्यावर फॉक्सने त्यांना उचललं आणि 1945 पर्यंत त्यांच्याकडून सहा सिनेमे करून घेतले. मधल्या वेळात मेट्रो-गोल्डविन-मेयरनेही दोन उरकले. आठच्या आठ मी पाहिलेत, काही तर दोनदा, त्यामुळे या विषयात माझा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही. चालत्या जोडीची माती कशी करायची ते त्या आठांत इतकं पद्धतशीर दाखवलंय की तुम्हाला नव्याने डोकं चालवायची गरज पडणार नाही.

घराचा ताबा घेतला की माणूस आधी बघतो, किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत. तुम्हीही तेच बघा. पडद्यावर जाड्या हुकूम सोडतो आणि रड्या डोकं खाजवतो. पडद्याबाहेर नेमकं उलटं. जोडीचा जुना मालक, निर्माता हॅल रोच, त्याच्या कल्व्हर सिटीतल्या स्टुडिओत हा रड्याच सगळं बघायचा. गॅग, म्हणजे हसवणारे प्रसंग, रचणाऱ्यांच्या कोंडाळ्यात तो, दिग्दर्शकाच्या कानाशी तो, एडिटिंगच्या टेबलाशीही तोच. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून नाव कुणाचंही असो. शूटिंग संपलं की जाड्या गोल्फच्या मैदानावर. लॉरेलला पगार जास्त होता आणि हार्डीला त्याचं काही वाटत नव्हतं. तो काम जास्त करतो, त्याला पैसे जास्त, संपला विषय. दोन भागीदारांत असला समजूतदारपणा म्हणजे मालकाच्या डोक्याला ताप. तेव्हा पहिल्याच दिवशी रड्याला जवळ बसवून घ्या, चहा मागवा आणि सांगा, "साहेब, तुम्ही कलाकार. लिहायला आमची माणसं आहेत, कापायला आमची माणसं आहेत. तुम्ही फक्त या, आपल्या ओळी म्हणा आणि घरी जा." आवाजात कळकळ हवी. फॉक्सने एवढं एक काम नीट केलं, बाकीची निम्मी आपोआप झाली.

करारमदाराच्या बाबतीत मात्र जुन्या मालकाचं बघून शिका. रोच विनोदाला मोकळीक देणारा माणूस, पण कागदाला पक्का. दोघांचे करार वेगवेगळ्या तारखांना संपतील अशी तजवीज त्याने करून ठेवली होती. एक सुटा होतो तेव्हा दुसरा बांधलेला. जोडीने भांडायला यायचं तर आधी जोडी तरी सुटी हवी ना!

आता वेळेचं बोलू. जुन्या जाड्या-रड्याला सगळ्यात जास्त काय लागायचं, तर वेळ. लहानपणी आमच्या चाळीत गणपतीत अंगणाच्या मधोमध चादर बांधून सिनेमा दाखवायचे. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पोरं चादरीच्या मागे जाऊन बसायचो. मागून सगळं उलटं, पाट्या उलट्या, डावखुरा उजवा. मोठ्यांच्या सिनेमात त्याने फार घोळ व्हायचा, जाड्या-रड्यात काही फरक पडायचा नाही. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं आणि प्रोजेक्टरच्या घरघरीत आवाजही धड येत नव्हता. जाड्या चिखलात पडायचा, उठायचा, टायशी चाळा करायचा आणि मग थेट आमच्याकडे बघायचा. चादरीच्या मागे बसलो तरी आमच्याकडेच. बघत राहायचा, पोरांचं हसून होईस्तोवर. मला तेव्हा वाटायचं, याला आमचं हसणं ऐकू येतंय.

ते फारसं खोटंही नव्हतं. रोचकडे असताना तयार झालेला सिनेमा आधी खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांपुढे लावायचे, हशा कुठे येतो आणि किती टिकतो ते बघायचे, आणि त्या मापाने पुन्हा कापायचे. शिंपी गिऱ्हाइकाला उभं करून माप घेतो तसं. तुम्ही कशाला या भानगडीत पडता? तयार कपडे विका.

1932 चा 'द म्युझिक बॉक्स' घ्या. जेमतेम अर्ध्या तासाचा सिनेमा. गोष्ट एवढीच की लॉस एंजेलिसमधल्या एका लांबलचक जिन्यावरून पियानो वर न्यायचाय. पियानो वर जातो, घरंगळत खाली येतो, पुन्हा वर जातो, पुन्हा खाली. शेवटी दोघे घामाघूम होऊन माथ्यावर पोचतात तर पोस्टमन सांगतो, अहो, गाडीरस्ता होता की! मग हे काय करतात? पियानो सगळ्या पायऱ्या उतरून खाली आणतात, गाडीवर चढवतात आणि रस्त्याने वर नेतात. या प्रकाराला ऑस्कर मिळालं, मालक. तुमच्या माणसांच्या हाती हीच गोष्ट पडली असती तर पियानो पहिल्या दोन मिनिटांत वर पोचला असता आणि उरलेल्या वेळात घरमालकाच्या पुतणीचं एखाद्या देखण्या शिपायाशी लग्न जमलं असतं.

मी अतिशयोक्ती करतोय असं वाटत असेल तर 'ग्रेट गन्स' बघा. फॉक्सचा पहिलाच. एक श्रीमंत, नाजूक म्हणून वाढवलेला तरुण सैन्यात भरती होतो आणि त्याच्या काळजीपोटी घरचे दोन नोकर मागोमाग भरती होतात. ते दोन नोकर म्हणजे आपले हे दोघे. प्रेम तरुणाचं, छावणीतली मुलगी तरुणाची, गोष्टही तरुणाचीच. जाड्या-रड्यांकडे एक पाळीव कावळी आणि उरलेली जागा. पण सैन्यच का? तर त्याच वर्षी अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या नव्या जोडीचा छावणीतला सिनेमा तुफान चालला होता. शेजारच्या दुकानात झुंबड दिसली की आपणही रातोरात तोच माल मांडायचा, हे तुम्हाला मी काय शिकवणार. त्या दोघांची गंमत फटाफट बोलण्यात आणि या दोघांची न बोलण्यात, असले बारकावे मालकाने बघायचे नसतात.

चेहऱ्यांकडेही जरा लक्ष द्या. पूर्वी त्यांना जवळजवळ विदूषकासारखा पांढुरका मेकअप असायचा, त्यात वय बुडून जायचं. फॉक्सच्या मेकअपवाल्यांना ते खटकलं. माणसं माणसांसारखी दिसायला हवीत! 1941 मध्ये लॉरेल 51 चा आणि हार्डी 49 चा होता. पांढरा रंग उतरला, डोळ्यांखालच्या पिशव्या वर आल्या. पंचविशीच्या वेंधळ्याने दार समजून कपाट उघडलं तर आपण हसतो. तेच दमलेल्या चेहऱ्याच्या काकांनी उघडलं तर आपण उठून पाणी आणायला जातो. एवढासा फरक, पण एका स्पंजात साधतो.

खरं मर्म मात्र पुढे आहे. हे दोघे मूर्ख आहेत, असा तुमच्या लेखकांचा समज असेल तर तो मुळीच दुरुस्त करू नका. मूर्ख ते होतेच, पण जाड्याला त्याची खबर नव्हती. दारावरची घंटा दाबण्याआधी तो बोटं अशी काही फिरवायचा की जणू तहावर सही करतोय. त्या रुबाबामुळे पडण्याला उंची यायची. आता 1943 चा 'एअर रेड वॉर्डन्स' बघा, मेट्रोवाल्यांचा. गावाच्या बचावाच्या कामातून या दोघांना काढून टाकतात आणि रड्या मान खाली घालून कबूल करतो की आम्ही काही फारसे हुशार नाही, पण जमेल ते करू. कबूल करतो! गाव म्हणतं हे दोघे खुळे, सिनेमा म्हणतो खुळे, आणि आता तेही म्हणतात खुळे. मग हसायचं कशाला? वर्गणी काढायची.

हे सगळं करूनही गॅग कमी पडले तर माळ्यावरून जुने काढा. 1929 साली 'बर्थ मार्क्स'मध्ये दोघे आगगाडीच्या वरच्या बर्थवर कपडे बदलायला धडपडले होते. 1944 च्या 'द बिग नॉइज'मध्ये पुन्हा तोच बर्थ, तीच धडपड, वर पंधरा वर्षांचं वय. त्याच सिनेमात एका संशोधकाकडे ते जेवायला बसतात. टेबल नीट मांडलेलं, ताटल्या, काटे-चमचे, सगळा सरंजाम, आणि वाढतात काय, तर गोळ्या. सगळं जेवण एकेका गोळीत. हार्डी ज्या नजरेने ताटलीकडे बघतो, ती नजर फॉक्सच्या त्या सबंध काळात मला सगळ्यात खरी वाटली. हा प्रसंग स्टुडिओने ठेवला कसा, हे कोडंच आहे. स्वयंपाकघरातली गोष्ट अशी पंगतीत सांगायची नसते.

सावध मात्र राहा. कितीही बंदोबस्त केला तरी चुकून चांगलं निघतं. 'जिटरबग्ज'मध्ये हार्डीला दक्षिणेकडचा खानदानी कर्नल व्हायला मिळालं आणि लॉरेलला लुगडं, आपलं, झगा नेसून श्रीमंत आत्या; दोघेही अंगात आल्यासारखे सुटलेत. शेवटच्या 'द बुलफायटर्स'मध्ये तर कुणीतरी रड्याला जरा सैल सोडलं असावं. तिथे अंडी आहेत. एकाने दुसऱ्यावर अंडं फोडायचं, दुसऱ्याने ते निमूट फोडून घ्यायचं, गालावरून बलक ओघळू द्यायचा आणि मग शांतपणे आपलं अंडं उचलायचं. कुणी घाई करत नाही. दोन मिनिटांपुरती ती चाळीतली चादर परत आली. मी तर घरात एकटा असूनही मोठ्याने हसलो. असली गफलत पुन्हा होता कामा नये, मालक. अंडी कुलपात ठेवा.

त्याच सिनेमाचा शेवटही बघून घ्या. एक माणूस दोघांची कातडी सोलीन म्हणून धमकावत असतो, आणि शेवटच्या दृश्यात धमकी खरी होते. मान आणि डोकी शाबूत, खाली दोन सांगाडे. एक जाडजूड हाडांचा, एक बारीक. हॉलिवूडने या जोडीचं काढलेलं हे शेवटचं चित्र.

आता तुम्ही विचाराल, गल्ल्याचं काय? गल्ल्याची चिंता नको. सिनेमे चालले! युद्धाचे दिवस, लोकांना कुठेतरी दोन घटका बसायचं होतं आणि जुन्या नावाची पुण्याई होती. म्हणून तर म्हणतो, कुणी बोट दाखवलं तर तिकीटबारीचा हिशोब पुढे करा.

एवढ्यावरही जोडीत धुगधुगी राहिली तर परदेशी पाठवा. 1950 मध्ये दोघे फ्रान्सला गेले, फ्रेंच-इटालियन भागीदारीतल्या 'अ‍ॅटोल के'साठी. बारा आठवड्यांचं काम, उरकायला वर्ष होत आलं. सेटवर कुणी फ्रेंच बोलतोय, कुणी इटालियन, कुणी इंग्रजी, आणि प्रत्येकाला वाटतंय समोरच्याला कळलं. दिग्दर्शक लेओ जोआनोंबद्दल असं सांगतात की एक तळं फार सुंदर दिसतं म्हणून त्यांनी तीन दिवस तळ्याचंच शूटिंग केलं. तेवढ्यात लॉरेल आजारी पडला, शस्त्रक्रिया झाली, वजन 114 पौंडांवर आलं, म्हणजे 52 किलो. हार्डीचं हृदय बिनसलेलं. पडद्यावर रड्याचे गाल आत गेलेले दिसतात आणि डोळे मोठे. तो रडका चेहरा करतो तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात कालवतं. दुर्दैव असं की गोष्ट मात्र झकास होती. समुद्रातून वर आलेलं एक बेट, तिथे कर नाही, कायदा नाही, पासपोर्ट नाही. मग युरेनियम सापडतं आणि जगाला बेटाचा पुळका येतो. बेट बुडतं, हे दोघे कसेबसे वारसाहक्काच्या दुसऱ्या बेटावर पोचतात, तर वारसाकर थकला म्हणून तेही जप्त. धड हातांत पडली असती तर ही गोष्ट आणखी शंभर वर्षं पुरली असती. पण धड हात 52 किलोंच्या माणसाचे होते आणि थरथरत होते.

यानंतर जोडीचा सिनेमा नाही. हार्डी 1957 मध्ये गेला. लॉरेल सांता मोनिकातल्या एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि दोघांसाठी नवे गॅग लिहीत बसायचा. होय, दोघांसाठीच. टीव्हीवर जुने सिनेमे रोज लागत. त्यातून त्याला दमडी मिळत नव्हती, पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. जाहिराती घुसवायला लोक कुठूनही कापत होते. जाड्या पडला, उठला, आता बघणार तोच साबणाची वडी. तेव्हा म्हाताऱ्याने कळवलं की तुम्हाला हव्या तेवढ्या लांबीचे सिनेमे मी स्वतः कापून देतो, फुकट.

असं पत्र तुम्हालाही येईल. उत्तर देऊ नका. लॉरेलचा नंबर टेलिफोन डिरेक्टरीत छापलेला असायचा, कुणीही उठून फोन करायचं आणि तो स्वतः उचलायचा, तासभर गप्पा मारायचा. तुम्ही तेवढं टाळा. चुकून विचारून बसाल आणि तो सांगेल, जाड्याने आपल्याकडे बघितल्यावर किती वेळ थांबायचं ते.