चिखल घरचा

रणगाडा नवा करायला मला तीन आठवडे लागले आणि तो जुना करायला चार महिने. हे मी घरात एकदाच बोललो. बायकोने शांतपणे विचारलं, "मग आधीच जुना का नाही आणलास?" या प्रश्नाला उत्तर नाही. असतं तर हा छंद केव्हाच बंद पडला असता.

रणगाडा म्हणजे टी-३४-८५. दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत, ८५ मिलिमीटरची तोफ, १९४४ पासून आघाडीवर, वजन ३२ टन. माझ्याकडचा तळहातावर मावतो, कारण तो प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेलं मॉडेल आहे, १:३५ प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं. हा पस्तीसचा आकडा पाहून वाटतं, यामागे काहीतरी गहन गणित असणार. गणित नाही, बॅटऱ्या आहेत. १९६१ साली जपानच्या टामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाड्याचा छोटा नमुना काढला. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तो केला, आणि मग मोजलं तर प्रमाण पस्तीसच्या आसपास निघालं. तेच पुढे रूढ झालं. त्या बॅटऱ्यांच्या मापाने साठ वर्षं जगभरची शहाणी माणसं डोळे फोडून घेताहेत.

डोळे फोडून घेणं म्हणजे काय, ते सांगतो. टी-३४ च्या मनोऱ्यावर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, लोखंडी दांडे असतात. पायदळाचे सैनिक रणगाड्यावर बसून जायचे, त्यांना धरायला. माझ्या प्रमाणात असा दांडा म्हणजे वाकवलेली टाचणीसुद्धा जाड वाटावी. तो स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, निपरने कापला, चिमट्यात धरला, उजेडाकडे नेला. आणि 'टिक्' असा आवाज आला. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. चिमटा रिकामा, खोली शांत. मी फरशीला गाल टेकवून टॉर्च आडवा धरला, म्हणजे बारीक वस्तूची सावली लांब पडते. अर्ध्या तासात मागच्या मॉडेलचा दिवा सापडला, त्याच्याही मागच्याचं एक चाक सापडलं, दोन वर्षांपूर्वी ज्यावरून मोलकरणीवर संशय घेतला होता ते पेन सापडलं. दांडा नाही. शेवटी जुन्या चार्जरची वायर सोलून तांब्याच्या तारेचा केला, आणि तो किटमधल्यापेक्षा चांगला झाला. आता उरलेले तीन त्याच्याशेजारी बेढब दिसायला लागले, म्हणून तेही तोडून तारेचे केले. यात एक रविवार गेला.

मग ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचा कड्यांचा पट्टा. प्रत्येक बाजूला ७२ कड्या. टी-३४ चं चालक चाक मागे असतं आणि त्याला बाहेरून दात नसतात, आत आडवे रूळ (रोलर) असतात. दात असतो तो कडीला, तोही एक सोडून एक. दात, सपाट, दात, सपाट. कडीचा दात रुळात अडकतो आणि ३२ टनांचा डोलारा पुढे सरकतो. किती सोपं! मलाही तसंच वाटलं. कडी कापा, कापल्यावर उरलेले तीन ठिकाणचे टोचे घासा, चिकटवा, पुढची घ्या. १४४ वेळा. गोंद अर्धवट ओला असतानाच ही माळ चाकांभोवती गुंडाळायची असते, म्हणून थांबायची सोय नाही. साठाव्या कडीच्या सुमारास फोन वाजला. मी "हो, हो, बघतो" म्हणालो आणि कशाला हो म्हणालो ते आजवर कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी, सगळं दगडासारखं वाळल्यावर, डाव्या बाजूला पुढच्या वळणावर दोन सपाट कड्या शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या. खरा रणगाडा असता तर त्या जागी चालक चाक पोहोचताच एक रूळ हवेत हात फिरवून परत आला असता.

मी तो रणगाडा फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि चार दिवस त्याच्याशी बोललो नाही.

मनोऱ्याने जरा धीर दिला. टी-३४ चा मनोरा ओतीव, युद्धाच्या घाईत ओतलेला, त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत. तो दाखवायला प्लॅस्टिकवर पातळ गोंद लावायचा आणि तो मऊ झाला की राठ ब्रशने ठोकायचं. मी ठोकलं आणि कौतुकाने हातात घेऊन पाहिलं, तेवढ्यात अंगठ्याचा ठसा उमटला. दोन सेंटिमीटरचा अंगठा. पस्तीसने गुणा: कारखान्यात सत्तर सेंटिमीटर अंगठ्याचा कामगार होता, आणि त्याने गरम पोलादाला हात लावला होता.

ही पस्तीसने गुणण्याची खोड एकदा लागली की सुटत नाही. हिरवा रंग मारल्यावर इंजिनाच्या झाकणावर माझा एक केस चिकटलेला दिसला. केस जाडीला साधारण ०.०७ मिलिमीटर, म्हणजे त्या जगात अडीच मिलिमीटरची सुतळी. डोक्यावरून गेलेले केस नेमके कुठे जातात हे कोडं त्या दिवशी सुटलं.

पुढची पायरी हेअरस्प्रे, म्हणजे रणगाडा जुना करायची सुरुवात. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे, त्यावर हिरवा अ‍ॅक्रिलिक, मग ओल्या ब्रशने हळूच घासायचं. खालचा स्प्रे पाण्यात विरघळतो आणि वरचा रंग खऱ्यासारखा खरवडून निघतो. तो विकत घेताना दुकानातल्या मुलीने माझ्या डोक्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खरवडताना हात आखडता घ्यावा असं सगळे सांगतात. एक मिलिमीटरचा टवका म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा रंग उडाला. मला ते पाठ आहे. पण एक टवका चांगला जमला की शेजारी दुसरा हवासा वाटतो, आणि मध्यरात्री मान वर केली तर समोर वीस वर्षं समुद्राच्या तळाशी पडलेला रणगाडा. एवढं गंजायला फुरसत लागते. १९४४ च्या आघाडीवर ती फार थोड्या रणगाड्यांना मिळाली. मग पुन्हा हिरवा रंग. त्यावर इनॅमलचा काळपट वॉश, म्हणजे थिनरने पातळ केलेला रंग, फटींमध्ये. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण खाली इनॅमलचा रंग असला तर वॉशचा थिनर त्यालाही सोबत घेऊन जातो. मागच्या रणगाड्याने ही माहिती स्वतःचा जीव देऊन मला दिली.

आणि मग चिखल. अंगणातली खरी माती आणली, चाळली, लावली, आणि मनातल्या मनात पस्तीसने गुणली. सगळे दगडगोटे. चिखल नव्हे, दरड कोसळलेली. शेवटी बरणीतला तयार चिखल आणला.

"चिखल विकत आणलास?" बायको म्हणाली.

"उन्हाळ्यात वाळलेला वेगळा, ओला वेगळा," मी दुसरी बरणी दाखवली.

नेमकी त्याच वेळी मुलगी खेळून आली, आणि सवयीने मी ओरडलो, "बूट बाहेर!" तिने बुटांकडे पाहिलं, टेबलावरच्या बरण्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, माझा फुकट आहे."

चिखल लावायला घेतला आणि पहिल्यांदा मला या छंदाचं मर्म कळलं. सांध्यातली फट? चिखल. सांडलेल्या गोंदाचा ओघळ? चिखल. एक चाक किंचित वाकडं बसलंय? खाली चिखल, म्हणजे जमीनच वाकडी. डाव्या बाजूला, पुढच्या वळणावर तर मी सढळ हाताने लावला. दोन्ही बरण्यांतला. आधी ओला, वर वाळलेला, वर थोडं गवत. त्या दोन सपाट कड्या आता कोणाच्या बापाला दिसणार नव्हत्या.

तयार रणगाडा मी फळीवर ठेवला, या वेळी तोंड बाहेर करून. बायकोने तो उचलला. मी श्वास रोखला, पण तिने व्यवस्थित खालून धरला होता. डोळ्यांजवळ नेला, फिरवला, तारेच्या दांड्यावर नखाने अलगद टिचकी मारली.

"छान झालाय रे," ती म्हणाली. "पण सगळीकडे बेताचा आहे, मग इथे एवढाच ढिगारा का?"

"तिथे रस्ता खराब होता," मी म्हणालो.