कव्हर ड्राइव्ह येतो, उकिडवं बसता येत नाही

आमच्या चिरंजीवांचा कव्हर ड्राइव्ह बघाल तर बघत राहाल. कोपर वर, डोकं बॉलवर, पुढचा पाय बरोब्बर रेषेत. वय वर्षं 10. तर हेच चिरंजीव दिवाळीत गावी देशी संडासात गेले आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन म्हणाले, "आई, मी मागे पडतोय." टाचाच टेकेनात. टेकवल्या की स्वारी पाठीवर. शेवटी माळ्यावरून चुलतआजोबांची कमोडची खुर्ची काढली आणि आमचा भावी रणजीपटू चार दिवस तिच्यावर विराजमान झाला.

यामागे दोन वर्षांची तपश्चर्या आहे. त्याची नाही, माझी. नाशिकच्या डिसेंबरात पहाटे साडेपाचला उठायचं, दूध, भिजवलेले बदाम, आणि मग ती किटबॅग. ज्यांनी उचललीय त्यांनाच कळेल. चाकं आहेत तिला, पण ग्राउंडच्या गेटपासून नेटपर्यंत खडी, त्यामुळे चाकं नुसती शोभेची. उचलतं कोण, तर मी, कारण कोच सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मॅडम, त्याला थकवू नका, सगळी एनर्जी नेटमध्ये लागली पाहिजे." म्हणजे वेट ट्रेनिंग माझं. नवरा रविवारी मॅचला सोडायला येतो आणि पोरगं टॉसला उभं असताना बाकीच्या बाबांबरोबर मिसळ खायला जातो, दोन वर्षांत पोराची बॅटिंग सुधारली आणि याच्या पँटी बदलल्या.

सरांचा दुसरा उपदेश, "आत्ताच एक गेम पकडा. दहा ठिकाणी हात घातला की मुलगा कुठलाच राहत नाही." झालं, खालचं बॅडमिंटन बंद, पोहणं बंद (खांदे जड होतात म्हणे), सायकल बाल्कनीत, तिच्यावर टॉवेल वाळतात. घरी आरशासमोर शॅडो बॅटिंग दोनशे वेळा. शाळेच्या स्पोर्ट्स डेला गडी तीन पायांच्या शर्यतीत पडला, तेही सुरुवातीच्या रेषेवर, पण पडताना कोपर वर होतं.

मग टाच दुखायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबून बघितली, पोटरी ताणून बघितली, म्हणाले घाबरू नका, या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून पक्का जोडला गेलेला नसतो, हाड वाढतं भराभर आणि पोटरी पडते आखूड, ती त्याला मागून खेचत राहते, त्यात रोज तेच पळणं आणि तेच थांबणं. मग सहज विचारल्यासारखं, "उकिडवं बसता येतं का याला?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा भिंतीवरचा सांगाडा बघायला लागला.

डॉक्टरांनी एक हिशोबही सांगितला, की एका खेळाचा सराव आठवड्याला वयाच्या आकड्याइतक्या तासांहून जास्त नको. 10 वर्षांचा तर 10 तास. मी बोटांवर मोजलं. सहा दिवस दोन-दोन तास, रविवारची मॅच चार तास, झाले 16. म्हणजे हिशोबाने आमचा मुलगा अकरावीत होता.

रात्री घरात परिसंवाद. नवरा मोबाईल घेऊनच बसला, "टायगर वुड्स दोन वर्षांचा असताना टीव्हीवर गोल्फ खेळून दाखवत होता, 1978 साली." मग मीही काढलं, फेडरर लहानपणी फुटबॉल, बॅडमिंटन, बास्केटबॉल सगळं खेळायचा, आणि नीरज चोप्राला तर घरच्यांनी वजन कमी करायला धाडलं होतं, भाला नंतर हाताला लागला. सासूबाई शेंगा सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्यांच्या आयांना विचारा ना कुणीतरी, सकाळी डबा कोण करायचं."

तर ठरलं, क्रिकेट तीन दिवस, बाकीचे दिवस जनरल फिटनेस. आता जनरल फिटनेस ही गोष्ट आमच्या लहानपणी फुकट मिळायची, तिचा आता क्लास असतो. महिना साडेतीन हजार, वर टी-शर्ट. ट्रायल क्लासला सासूबाई कधी नव्हे त्या बरोबर आल्या. ट्रेनर म्हणाला, "किड्स, ॲनिमल वॉक!" आणि सगळी पोरं बेडूकउड्या मारायला लागली. मग अस्वल, मग खेकडा. हेच करायला आमच्या शाळेत गृहपाठ विसरावा लागायचा. नंतर त्याने जमिनीवर पिवळी शिडी अंथरली, एक पाय आत, दोन पाय आत, एक बाहेर, ॲजिलिटी लॅडर म्हणतात तिला. सासूबाई बराच वेळ निरखून बघत होत्या.

"अगं, हे ठिक्कर आहे की. खापरी कुठंय?"

त्या वाक्याने आमचे साडेतीन हजार वाचले. संध्याकाळी पार्किंगमध्ये खडूने ठिक्कर आखलं, 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे, आदेशावरून' या बोर्डाच्या बरोब्बर खाली, कारण तिथेच जागा रिकामी होती. हळूहळू बिल्डिंगमधली पोरं जमली आणि काय सांगू, स्केटिंगला जाणारी मुलगी चाकांशिवाय दहा पावलं लंगडी घालू शकेना, टेनिसवाला फक्त उजवीकडेच वळायचा, कराटेवाल्याची आरोळी पहिल्या मजल्यापर्यंत जायची पण पकडताना हाती कोणीच लागायचं नाही. आमचा तिसऱ्या घरातच आडवा. मला राहवेना. मी शाळेत खोखो खेळलेली बाई, म्हटलं थांबा, मी दाखवते. दाखवलं. पाचव्या घरात पोटरीत असा गोळा आला की सेक्रेटरी भांडायला खाली आले होते ते मला लिफ्टपर्यंत सोडून गेले. नंतर चार दिवस कमोडच्या खुर्चीची आठवण मला येत होती.

असे तीन महिने गेले. लंगडी, डबा ऐसपैस, पायऱ्यांवर पोटरीचं स्ट्रेचिंग, किटबॅग आता तो स्वतः उचलतो (खडीवरून, शिव्या देत). टाच दुखायची थांबली. कोच सर मात्र नाराज, गुडमॉर्निंगचे मेसेजही बंद केले होते त्यांनी.

आणि गेल्या रविवारी त्यांचा फोन. आवाज चढलेला. "मॅडम, तुमच्या मुलाचं लक्ष कुठंय? थर्ड मॅनला उभा केला होता, हा आपला खाली बसून मुंग्या बघतोय! बॉल शेजारून फोर गेला!"

आता आई म्हणून मी सॉरी म्हणायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "सर, उकिडवा बसला होता का? टाचा टेकल्या होत्या?"