फलोदीत खरंच बघण्यासारखं काही नाही?

नमस्कार. राजस्थानातलं फलोदी आणि त्याच्या शेजारचं खीचन गाव यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं : मे महिन्यात जैसलमेरला जाताना तुम्ही सहकुटुंब मुद्दाम फलोदीला थांबलात, पण धूळ, ऊन आणि कुलूपबंद हवेल्यांपलीकडे काही दिसलं नाही. फलोदी गाजतं ते सट्ट्यासाठी, ते मी लिहिलं नाही. आणि खीचनचे करकोचे शेठजींनी दाणे टाकून लाडावून ठेवलेत, त्यात कसला आलाय निसर्ग?

उन्हाचं आधी. 19 मे 2016 रोजी याच फलोदीत 51 अंश तापमान नोंदलं गेलं, देशातला तो उच्चांक. अशा दिवसांत तिथली माणसंही दुपारी बाहेर पडत नाहीत. आणि करकोचे, म्हणजे तिथल्या लोकांच्या कुरजा, सप्टेंबरच्या आसपास येतात आणि मार्चअखेर मंगोलिया, मध्य आशियाकडे निघून जातात. लेखात हे महिने दिले होते. मुलांची निराशा झाली याचं वाईट वाटलं, पण त्यासाठी गावाला बोल लावणं मला पटत नाही.

सट्ट्यावर लिहिलं नाही, कारण निवडणूक आली की वाहिन्या फलोदीचे ‘भाव’ दिवसभर दाखवतातच. तो धंदा बेकायदा आहे, त्याची जाहिरात मला करायची नाही. एवढंच सांगतो, की या भागात पैजा मुळात पावसावर लागायच्या. जिथे ढग आला तरी बरसेल याची खात्री नाही, तिथे माणसं आणखी कशावर पैज लावणार?

आता तुमचा तिसरा आक्षेप. तो महत्त्वाचा आहे.

खीचनच्या ओसवाल जैनांकडे जीवदयेपोटी कबुतरांना दाणे घालायची जुनी रीत. 1970च्या दशकात रतनलाल मालू यांच्याकडे हे काम आलं, तेव्हा कबुतरांच्या दाण्यावर थोड्या कुरजाही उतरू लागल्या. पुढे त्या हजारोंनी येऊ लागल्या आणि गावाबाहेर कुंपण घातलेलं चुग्गाघर उभं राहिलं. तिथे आदल्या संध्याकाळी ज्वारी पसरून ठेवतात. सकाळी थवे आधी बाहेरच्या वाळूवर उतरतात. माना उंच करून बराच वेळ अंदाज घेतात, कुत्रं किंवा अनोळखी माणूस दिसलं तर पुन्हा उडतात. मग एखादी तुकडी कुंपणाच्या आत उतरते आणि तिच्यामागून बाकीच्या. ‘लाडावलेले’ पक्षी इतके सावध असतात का, तुम्हीच सांगा. खाणं झालं की त्या रातडी नाडी (नाडी म्हणजे तळं) आणि विजयसागर तलावाकडे जातात, काठावरचे बारीक खडे गिळतात. दाणे पचायला ते लागतात.

दाण्यांची सवय चांगली नाही, हे तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. एका जागी एवढे पक्षी जमले की रोगाचं भय असतंच. 2021च्या नोव्हेंबरात जोधपूर जिल्ह्यातल्या कापरडा गावी बर्ड फ्लूने शेकडो कुरजा मेल्या. पण गुजरातेतही हे पक्षी भुईमुगाच्या रानांवरच हिवाळा काढतात. त्यांचं आणि शेतकऱ्याचं नातं खीचनच्या आधीपासूनचं आहे. माझ्या मते आज त्यांना खरा धोका ज्वारीचा नाही, विजेच्या तारांचा आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात थवा उठतो आणि तारेला धडकतो. फलोदीजवळच्या भडल्याला 2245 मेगावॅटचा सोलर पार्क आहे. त्या मुलखात अशा तारांचं जाळं वाढतच चाललंय. माळढोक पक्षी कसा दिसेनासा होतो ते आपण सोलापूरच्या नान्नज अभयारण्यात पाहिलं आहे, म्हणून हे लिहिताना जीव कळवळतो. 2025च्या जूनमध्ये खीचनला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आता तरी तिथल्या तारा जमिनीखालून जाव्यात.

हवेल्यांना कुलपं आहेत, हे खरं. मालक व्यापारासाठी बाहेर आहेत. त्याच भागातल्या ओसियां गावावरून ज्यांना ओसवाल म्हणतात, त्यांची कितीतरी घरं आज नगर, जळगाव, पुण्यात आहेत. पण कुलूप दाराला आहे, दर्शनी भिंतीला नाही. लाल दगडातले झरोके रस्त्यावरून मनसोक्त बघता येतात. चुग्गाघरात दाणा येतो तोही बराचसा या बाहेर गेलेल्या माणसांच्या पैशातून. गाव सोडलेला माणूस गावच्या पाखरांसाठी ज्वारीची पोती पाठवतो, याहून बघण्यासारखं मला त्या वाटेवर काही सापडलं नाही. जैसलमेरची वाळू आणि उंटावरची फेरी सुंदरच आहे. फलोदीने ते देण्याचा दावा कधी केलेला नाही.

पुन्हा जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. जोधपूर-जैसलमेर रेल्वे फलोदीवरूनच जाते आणि तिथून खीचन जेमतेम पाच किलोमीटर. मुक्काम फलोदीत करा, उजाडायच्या आत खीचनला पोचा. चुग्गाघराच्या कुंपणाजवळ न जाता शेजारच्या घराच्या गच्चीवरून बघा, लोक आपणहून वर बोलावतात. ड्रोन मात्र कृपा करून नेऊ नका.