चिंकारा न दिसण्याची पूर्वतयारी

वाळवंट बघायला राजस्थानात कशाला जायचं, पुण्याच्या पूर्वेला आहे की, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असतंच. सांगणाऱ्याशी वाद घालू नका. वाळवंट म्हणवून घ्यायला वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस लागतो आणि बारामती-सुप्याकडे साधारण त्याच्या दुप्पट पडतो, ही माहिती सहलीच्या उत्साहात बसत नाही. सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जायचं, उजवीकडे वळायचं की सुपे. सत्तरेक किलोमीटर. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं आणि जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्याशा जागेत चिंकारा, म्हणजे माळावरचं हरीण, दिसून जायचा धोका मोठा, म्हणून तयारी कसून करावी लागते.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे उशीर. चिंकारा चरतो तो उजाडल्यावर दोनेक तास, मग ऊन कलल्यावर. मधल्या वेळात तो एखाद्या बाभळीच्या फाटक्या सावलीत रवंथ करत बसतो आणि दहा हातांवरूनही ध्यानात येत नाही. हिवाळ्यात सातच्या आत पोचायचं तर पुणं पाचच्या आधी सोडायला हवं. तेव्हा ग्रुपवर 'सहा म्हणजे सहा' असं टाका. सातला कुणीतरी 'खाली उतरतोच आहे' म्हणेल, हडपसर ओलांडताना नऊ वाजतील, मिसळीला अर्धा तास, जादा पावाला आणखी दहा मिनिटं. अकराला तुम्ही अभयारण्यात आणि चिंकारा सावलीत.

तरीही कुणी दुर्बीण आणलीच, तर त्याला अख्खं हरीण शोधायला सांगा. बदामी पाठ वाळल्या गवतात विरघळून जाते. त्याची चहाडी करते ती शेपटी, आखूड, काळी आणि सारखी हलणारी. ती शोधायची असते, हे दुर्बीणवाल्याच्या कानावर जाऊ देऊ नका. आणि पांढराशुभ्र कुर्ता घाला. चिंकारा तुम्हाला आधी बघेल, पुढचा पाय आपटेल, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढेल आणि कळप टेकाडामागे जाईल. 'इथे काहीच नाही' हे वाक्य म्हणायची वेळ ती हीच.

पायात सँडल आणि लोकरी मोजे, हा खास पुणेरी जोड विसरू नका. माळावर कुसळी गवत असतं. त्याच्या बीला पुढे सुईसारखं टोक, टोकावर उलटे केस आणि मागे पीळदार लांब शेपूट. दमट झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो आणि दर फेऱ्याला टोक थोडं आत जातं. निसर्गाने ते जमिनीत शिरण्यासाठी केलं आहे, पण तुमचा मोजा त्याला तेवढाच चालतो. एकेक काढायला बसलात तर तास सहज जातो. उलट्या दिशेने ओढा, म्हणजे टोक आतच राहील.

आता कॅक्टस. बांधावर दिसणाऱ्या प्रत्येक काटेरी किंवा बिनपानी वनस्पतीला तेच म्हणा. शेर आणि त्रिधारी निवडुंग मोडले की पांढरा चीक गळतो, ते एरंडाच्या कुळातले, कॅक्टसशी नातं नाही. (हा चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. एवढं एक वाक्य गांभीर्याने घ्या.) खरा कॅक्टस म्हणजे फड्या निवडुंग, आणि तो आला अमेरिकेतून. ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंग हवा होता, तो या निवडुंगावरच्या किड्यापासून मिळतो. १७९५ साली ब्राझीलहून किडा आणला, तो भलत्याच जातीचा निघाला. रंग निकृष्ट, पण निवडुंगाची एक जात त्याने फस्त केली. तेव्हा 'आपल्या मातीतला कणखर निवडुंग' असा मथळा देऊन सेल्फी टाकायला हरकत नाही.

अस्सल इथलं बघायचं असेल तर माकडशिंग आहे. बोटाएवढं जाड, चार कडांचं, काटेही नाहीत नि पानंही नाहीत, झुडपाच्या बुडाशी लपलेलं. त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं. तुम्ही नका बसू.

गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर रस्ता सोडाच. धाविक आणि माळटिटवी हे माळावरचे पक्षी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा. अंड्यांवर मातीच्या रंगाचे ठिपके इतके बेमालूम, की चाकाखाली काय गेलं हे कळतही नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर काच वर करा, एसी लावा.

वाटेत कुत्री दिसली की बिस्किटं घाला, पुढच्या रविवारी ती तिथेच तुमची वाट बघत असतील. मधल्या सहा दिवसांत ती खोकडाची, म्हणजे माळावरच्या कोल्ह्याची, पिल्लं आणि चिंकाऱ्याची पाडसं पळवतात. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग त्यांच्याकडून लांडग्यात जातो, ते वेगळं. त्यातलं एखादं करड्या रंगाचं असेल तर फोटो 'लांडगा!!' म्हणून पाठवून द्या.

येताना खिशात सीडबॉल, म्हणजे बी घालून वळलेले मातीचे गोळे, हवेतच. उघडा माळ बघून हात शिवशिवतात, सरकारदरबारीही त्याला पडीकच म्हणतात. झाडं वाढली, सावली पडली की ऊन लागणारं गवत मरतं आणि मोकळ्यावर पळणारं हरीण अडचणीत येतं. पण आंब्याच्या कोया तुम्ही उन्हाळाभर जमवल्यात, त्या टाकायच्या कुठे?

निघताना अभयारण्याबाहेर फड्या निवडुंगाची लालजांभळी बोंडं दिसतील. हातानेच तोडा. लांब काटे टाळता येतात, पण बोंडावरच्या ठिपक्यांत केसाहून बारीक कुसळांचे झुपके असतात, ते बोटं, ओठ आणि मागच्या सीटवर एकदमच उतरतात. चिकटपट्टी दाबून ओढली आणि उरलेली चिमट्याने काढली की निघतात, म्हणून या दोन्ही वस्तू घरीच ठेवा. आणि तोच हात रुमालाला पुसून रुमाल शेजारच्याला द्या.