कोरफडीच्या पाटीवर कुणाचं नाव

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नामांतराचा विषय निघाला की दोन पार्ट्या ठरलेल्या, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं ते योग्यच म्हणणारे आणि नावं बदलून नळाला पाणी येणारे का असं विचारणारे. मी डर्बनमध्ये बसून वाचतो आणि मला आमच्या कॉम्प्लेक्समधलं झाड आठवतं.

आहे कोरफडच, पण दुमजली घराएवढी, खोड कवेत मावत नाही, थंडीत गुलाबी फुलं आली की शिंजीर दिवसभर लटकलेले. पाटीवर शास्त्रीय नाव अ‍ॅलोइडेंड्रॉन बार्बरी, म्हणजे मेरी एलिझाबेथ बार्बर बाईंचं. 1818 चा जन्म, 1820 मध्ये इंग्लंडहून आईवडिलांबरोबर दक्षिण आफ्रिकेतल्या केप कॉलनीत आल्या. डब्लिनच्या हार्वी या वनस्पतिशास्त्रज्ञांना झाडं पाठवायला लागल्या तेव्हा आपण बाई आहोत हे त्यांनी आधी कळूच दिलं नाही. पुढे डार्विनशी पत्रव्यवहार, फुलपाखराच्या कोशाचा रंग आजूबाजूप्रमाणे बदलतो यावर पेपर, भावांच्या जोडीने अश्मयुगातली दगडी हत्यारं गोळा करणं, काय काय केलं त्यांनी! लंडनच्या लिनियन सोसायटीने, म्हणजे निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेने, बायकांना सदस्य म्हणून घेतलं 1904 मध्ये, बाई 1899 मध्येच गेल्या. या झाडाला तर 1874 साली दोन नावं मिळाली, एक बाईंचं, एक बेन्स नावाच्या चित्रकाराचं, आणि कित्येक वर्षं बेन्सचंच चाललं. त्यामुळे पाटीवर बार्बर वाचून मला खरंच बरं वाटतं.

पण बागेचं काम बघणारे बाबा (झुलूतही वडीलधाऱ्यांना बाबाच म्हणतात) त्याला इन्कलाने एन्कुलु म्हणतात, मोठी कोरफड. बाईंचं कुटुंब जिथे वसलं तिथून तिथल्याच खोसा लोकांना 1812 मध्ये ब्रिटिश सैन्याने हाकललं होतं. ज्यांच्या माहितीवर हे झाडपाल्याचं ज्ञान उभं राहिलं ते पाटीवर कुठेच नाहीत. हे तेव्हा शक्यच नव्हतं असं नाही, 1678 च्या होर्तुस मलबारिकुस या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात डच गव्हर्नरने रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या कोंकणी वैद्यांची नावं आणि त्यांचं नागरीतलं पत्र छापलंय.

नावाने काय होतं विचारणाऱ्यांना मी सांगतो, 'काफ्रा' हा इथल्या काळ्या माणसांना दिलेल्या शिवीतून आलेला शब्द 200 च्या वर वनस्पतींच्या नावात होता, 2024 मध्ये माद्रिदला वनस्पतिशास्त्रज्ञांचं मतदान होऊन तो 'आफ्रा' झाला, बाबांसारख्यांना फरक पडतो. पण बदललं की काम संपलं म्हणणारेही मला पटत नाहीत, जुन्या नावामागची माणसं पुसून कसं चालेल.

कॉम्प्लेक्सच्या पुढच्या मीटिंगसाठी मी अर्ज दिलाय, बार्बरबाई पाटीवर राहू देत, वर मोठ्या अक्षरात इन्कलाने एन्कुलु लिहा. स्पेलिंग बाबांनीच लिहून दिलंय.