सोळाचे चोवीस

"दादा, तू जरा बाजूला हो. पिंट्याला मोबाइलवर फोटो काढू दे."

वाक्य सख्ख्या बहिणीचं. स्थळ डोंबिवलीतला वन बीएचके, प्रसंग तिच्या नातवाचं बारसं. माझ्याकडे कॅमेऱ्याच्या दोन लेन्स. 50 मिलिमीटरची एफ 1.8, म्हणजे तोंड मोठं उघडणारी, लावली की उजेड भरपूर, पण अर्धी माणसं चौकटीबाहेर; मागे सरकत सरकत मी बाथरूमच्या दारात पोहोचलो तरी पाळणा आणि आत्या एकत्र येईनात. कॅमेऱ्यासोबत आलेली 16-50 लावली तर अख्खी खोली मावली, पण ट्यूबलाइटच्या उजेडात आत्याच्या पाठीवर पडणारे बुक्के नुसते धुरासारखे आले. तेवढ्यात कुर्रर्र संपलं. पिंट्याच्या फोटोत मात्र बुक्के मोजता येतात. मोबाइल एकाच फोटोसाठी अनेक फोटो काढून ते एकमेकांना शिवतो, ही सरळसरळ लबाडी आहे, असं मी पंगतीत समजावून सांगितलं. लोक जिलबी घेत होते.

तर शनिवारी बोराबाजार, म्हणजे मुंबईतली कॅमेऱ्यांच्या दुकानांची गल्ली. काय घ्यायचं ते पक्कं होतं: सिग्माची 16 मिलिमीटर, एफ 1.4. दुकानदाराने डबा काऊंटरवर ठेवला, 40 हजार म्हणाला. शेजारी एक काका उभे होते. चामड्याच्या पेटीत आग्फाचा जुना क्लिक थ्री कॅमेरा, आणि त्याला लागणारा 120 चा फिल्म रोल मागायला आलेले. रोल शोधायला पोऱ्या माळ्यावर चढला होता. काकांना वेळच वेळ.

"ही केवढ्याला?" त्यांनी काचेतल्या दुसऱ्या लेन्सकडे बोट केलं.

"पन्नासची आहे. पंधरा हजार."

काकांनी खिशातून पेन काढलं. माझ्या लेन्सच्या डब्याखालचा कागद ओढला आणि भागाकार मांडला. "पन्नासचा दर मिलिमीटरला 300 रुपये. सोळाचा 2500. साहेब, तुम्हाला लुटतायत."

मी म्हटलं, काका, आकडा लहान तितकी खोली जास्त मावते.

"आणि हे 1.4 काय?"

"तोही लहान तितका चांगला. 2.8 च्या चौपट उजेड येतो."

"म्हणजे सगळंच लहान, फक्त किंमत मोठी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, लहान, त्यामुळे दीडने गुणायचं, म्हणून ही सोळा खरं तर चोवीससारखी दिसते, हेही मी सांगून बसलो.

"डब्यावर सोळा लिहिलंय," काका दुकानदाराकडे वळले, "तुम्ही देताय सोळा. हे घरी नेऊन चोवीस समजणार. तुमचं बरंय." दुकानदार हसला. माझ्याच पैशांवर! "घरी सध्या काय आहे तुमच्याकडे?"

"सोळा ते पन्नास."

"त्यात सोळा येतो ना? मग सोळा असताना सोळाच आणायचा, वरचे चौतीस सोडून द्यायचे, आणि त्याचे 40 हजार?"

हाच प्रश्न बायकोने आदल्या रात्री विचारला होता, पण निदान हळू आवाजात. मी घरच्या लेन्सच्या 3.5 आणि हिच्या 1.4 मधला सहापट उजेडाचा फरक सांगितला, अंधारी खोली सांगितली, बारसं सांगितलं.

"बाळ गच्चीत न्यायचं," काका म्हणाले. "ऊन फुकट असतं. माझ्या रोलात 12 फोटो. सगळ्यांना उन्हात उभं करायचो, एक वाया गेला नाही."

घरातल्या प्रत्येक कार्यात मी अकरा वर्षं फोटो काढतोय. अल्बममध्ये मी दोनदा आहे, त्यातल्या एकात पाठमोरा. हे काकांना सांगावंसं वाटलं, पण काका म्हणाले, "काढा बघू माझा एक, कळू दे 40 हजार."

ते काऊंटरच्या टोकाला, चौकटीच्या कडेला उभे राहिले. वाइड लेन्स कडेचं सगळं बाहेर ओढते. मागच्या पडद्यावर काकांचं पोट उजवीकडे निघालं होतं.

"हे माझं आहे?"

"काका, तुम्ही मध्ये उभे राहिलात तर..."

"राहू दे. तू काढ रे," त्यांनी माळ्यावरून उतरणाऱ्या पोऱ्याला सांगितलं. पोऱ्याने रोल नसल्याचं सांगितलं, खिशातून मोबाइल काढला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, जरा बाजूला होता का?"

लेन्स मी घेतली. तिच्या तोंडावर बसणारा 67 मिलिमीटरचा फिल्टर वेगळा घ्यावा लागला, कारण घरच्या लेन्सचा 40.5 चा. पायरी उतरत होतो तर मागून आवाज आला, "अहो सोळा! पिशवी नीट धरा, लोकलमध्ये मिलिमीटर सांडतील."