खुलासा : नारळीकरांची पहिली कथा आणि तिचं बक्षीस

नाशिकच्या काही व्हॉट्सअ‍ॅप गटांवर डॉ. जयंत नारळीकरांबद्दल एक मजकूर फिरतो आहे. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेला नावामुळे बक्षीस मिळालं आणि हे त्यांनी स्वतः 2021 साली नाशिकच्या साहित्य संमेलनात व्यासपीठावरून कबूल केलं, असं त्यात म्हटलं आहे. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 सालच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली, ना. वि. ज.! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. 1965 सालीच पद्मभूषण मिळालेल्या माणसाने ही काळजी घेतली, कारण परीक्षकांनी फक्त कथा वाचावी अशी त्यांची इच्छा होती. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. म्हणून हा आरोप मला फार लागला.

आता संमेलन. आपल्या आडगावला डिसेंबरात झालेल्या 94व्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे नाशिकला येऊच शकले नाहीत. आपल्यापैकी कितीतरी जण त्यांना पाहायला म्हणून गेले होते, त्यांना हे आठवत असेल.

‘लेखनासाठी संशोधन सोडलं’ हेही त्याच मजकुरात आहे. 1988 साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक. कथा त्याआधीही लिहीत होते, नंतरही. मजकूर पुढे पाठवला असेल, तर त्याच गटावर हा खुलासाही टाका.